काळ्या वाळूच्या गावी

केरळला जाऊन आलो असे सांगितले की ऐकणारा पुढची नावे आपणच म्हणून टाकतो. मुन्नारचे चहाचे मळे, आलप्पीच्या होड्या, कोवळमचा किनारा आणि येताना आणलेले केळ्याचे वेफर्स. त्या यादीत करुनागप्पळ्ळी कधी नसते. एक तर ते नाव मराठी जिभेला पहिल्या प्रयत्नात साधत नाही, आणि दुसरे म्हणजे तिथे पाहण्यासारखे काही नाही अशी तिथल्याच लोकांची समजूत आहे. कोल्लम शहराच्या उत्तरेस पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्राला लागून असलेला हा एक तालुका. माड, मासे आणि माणसे यांची दाटी. पण जगातल्या शास्त्रज्ञांना हा किनारा गेली साठ-सत्तर वर्षे चांगला ठाऊक आहे. ते तिथे देखावा पाहायला जात नाहीत. माती मोजायला जातात.

मी गेलो तो मात्र ताईच्या हुकमावरून. तिचे जावईबापू बँकेत अधिकारी. त्यांची बदली झाली ती थेट या तालुक्यात, आणि माझ्या भाचीने पन्मना नावाच्या गावी बिऱ्हाड थाटले. यथाकाल गोड बातमी आली. ताईने पेढे वाटले. आणि चारच दिवसांनी तिच्या मोबाईलवर कोणीतरी एक मजकूर पाठवला, की त्या भागातली जमीन किरणोत्सारी आहे. झाले! “पोरगी अणुबॉम्बवर संसार करतेय आणि तुम्ही चहा काय पिताय!” असे तिने भावजींना सुनावले. पहिले बाळंतपण माहेरी हे आपल्याकडे ठरलेलेच असते. सातव्या महिन्यात भाची येणारच होती. ताईला ती तिसऱ्यातच हवी होती. भाची ऐकेना. अखेर नाताळच्या सुट्टीत रिकामा असणारा घरातला एकमेव पुरुष म्हणून माझी नेमणूक झाली. “तू जा, डोळ्यांनी बघ, आणि तिला घेऊनच ये. तुझं ती ऐकेल,” ताई म्हणाली. मराठीच्या प्राध्यापकाचे कोणी ऐकते ही तिची फार जुनी श्रद्धा आहे.

निघण्यापूर्वी मी आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सरांना गाठले. त्यांनी कपाटातून मुठीएवढे एक यंत्र काढले आणि टेबलावर ठेवून चालू केले. मधूनमधून ते टिक्, टिक् असा आवाज करू लागले. मी खुर्ची जरा मागे घेतली.

“हे कुठून येतंय?”

“जमिनीतून, भिंतीतून, आकाशातून,” सर शांतपणे म्हणाले, “आणि थोडंसं तुमच्यातूनही.”

मग त्यांनी मला जे सांगितले ते असे. पृथ्वी घडली तेव्हापासून तिच्यात तीन किरणोत्सारी द्रव्ये आहेत : युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचा एक प्रकार. युरेनियम निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. पृथ्वीचे वयही जवळजवळ तेवढेच, म्हणजे आरंभीचे निम्मे युरेनियम अजून शिल्लक आहे. थोरियमला निम्मे व्हायला १,४०० कोटी वर्षे लागतात, म्हणजे विश्वाच्या आजवरच्या वयाहूनही किंचित जास्त. पोटॅशियमच्या दर १० हजार अणूंमागे सुमारे एक अणू किरणोत्सारी असतो. पोटॅशियमवाचून झाड वाढत नाही आणि माणसाचे हृदय चालत नाही. त्यामुळे धडधाकट माणसाच्या शरीरात दर सेकंदाला चार हजारांहून अधिक असे अणू फुटत असतात. सेकंदाला एक अणू फुटला की त्याला १ बेकरेल म्हणतात. १८९६ साली किरणोत्सर्ग शोधणाऱ्या हेन्री बेकरेल यांचे ते नाव. जगातल्या साधारण शेतमातीच्या एका किलोत पोटॅशियमचे ४०० च्या आसपास आणि थोरियमचे ३० ते ४५ बेकरेल भरतात. आपला दख्खनचा काळा पत्थर या दोन्ही जड द्रव्यांच्या बाबतीत गरीब, आणि त्याची झीज होऊन झालेली आपली काळी मातीही तशीच गरीब. ग्रॅनाइटसारखे खडक त्या मानाने श्रीमंत. “तेव्हा ‘किरणोत्सर्ग आहे का?’ हा प्रश्नच नव्हे,” सर म्हणाले. “किती आहे, एवढंच विचारायचं.” त्यांनी ते यंत्र माझ्या स्वाधीन केले, आणि तिकडे मातीवर संशोधन करणाऱ्या एका बाईंना चिठ्ठीही दिली.

कोकण रेल्वेच्या गाडीने एक दिवस आणि एक रात्र प्रवास केला. रत्नागिरीचा जांभा, मडगाव, कारवार, मंगळूर हे सगळे मागे पडले आणि मग खिडकीतून माडांखेरीज काही दिसेना. कोल्लमला जावईबापू उतरवून घ्यायला आले होते. तिथून उत्तरेला निघाले की नीण्डकराचा पूल लागतो. अष्टमुडी नावाचे विस्तीर्ण कायल इथे समुद्राला मिळते. पुलाखाली रंगीबेरंगी मासेमारी नौकांची अशी गर्दी, की पाणी शोधावे लागते. १९५३ साली नॉर्वेच्या मदतीने मच्छीमारी सुधारण्याचा प्रकल्प या भागात सुरू झाला, त्याची ही फळे. पूल ओलांडला की चवरा आणि पुढे पन्मना.

भाची दारात उभी होती. चेहऱ्यावर तेज आणि हातात चहाचा कप. “मामा, आईनं मला न्यायला पाठवलंय ना? आधी जेवून घे,” असे म्हणून तिने माझ्या शिष्टाईतली हवाच काढून घेतली. एवढ्यात मागच्या बागेतून मुंडू नेसलेले एक सत्तरीचे गृहस्थ आले. हे घरमालक. भाची त्यांना ‘अम्मावन’ म्हणते. मी चौकशी केली तेव्हा कळले, की मल्याळममध्ये अम्मावन म्हणजे मामाच. म्हणजे पोरीने माझ्याआधीच एक मामा मिळवून ठेवला होता!

संध्याकाळी समुद्रावर गेलो. आजवर पाहिलेल्या किनाऱ्यांवरची वाळू पांढरी किंवा तांबूस होती. इथे लाटांच्या रेषेला समांतर असे काळेभोर पट्टे पडले होते, जणू काजळाचे बोट ओढावे. ओंजळीत घेतली तर साध्या वाळूहून ती चांगलीच जड लागली. सूर्याकडे धरून निरखले तर त्यात काळ्या कणांबरोबर लाल कण होते, काचेसारखे कण होते आणि मधाच्या रंगाचे बारीक कणही होते. काळे ते इल्मेनाइट, लाल ते गार्नेट, काचेसारखे ते झिरकॉन. आणि मधाच्या रंगाचे मोनाझाइट. सगळ्या गोष्टीचे मूळ तेच. त्यात ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साइड असते.

हे कण इथे आले कसे? सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचे खडक फार प्राचीन. ऊनपावसाने ते झिजले, नद्यांनी त्यांचा चुरा समुद्रात आणून टाकला, आणि मग समुद्राने पाखडायला घेतले. आपल्याकडे बायका सुपात धान्य पाखडतात तेव्हा हलके फोल उडते आणि जड दाणा सुपात राहतो, अगदी तसे. लाट हलकी वाळू ओढून नेते आणि जड कण किनाऱ्यावर ठेवते. हजारो वर्षे हे पाखडणे चालू आहे. भाषेच्या माणसाला शब्दांचा नाद असतोच. मोनाझाइट हे नाव ‘एकटे राहणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, कारण हा खनिज सापडला तो विरळा आणि सुटा सुटा. थोरियम हे नाव उत्तरेकडच्या थॉर या मेघगर्जनेच्या देवाचे. एकट्या राहणाऱ्याच्या पोटात गर्जनेचा देव!

या वाळूचा शोध लागला तोही गमतीने. त्रावणकोरचा काथ्या युरोपात जात असे. त्याला चिकटलेले जड कण शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पाहिले आणि १९०९ साली तो मोनाझाइटचा माग काढत या किनाऱ्यापर्यंत आला. त्या काळात गॅसबत्तीच्या मेंटलसाठी थोरियम लागत असे. ज्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात आपल्या आजोबा-आजींची लग्ने लागली, वराती निघाल्या आणि तमाशाचे फड रंगले, तिच्या त्या पांढऱ्या नाजूक जाळीत थोरियमच होते. पुढे अणुयुग आले आणि या वाळूचे मोल बदलले. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि १९५२ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते आलुवा येथे मोनाझाइटचा कारखाना सुरू झाला. चवऱ्याला आजही काळी वाळू उपसली जाते. तिच्यातल्या इल्मेनाइटपासून रंगासाठी लागणारी पांढरी पूड तयार होते.

मी सरांचे यंत्र काढले. काळ्या पट्ट्यावर ते धरताच टिक् टिक् थांबून नुसती कुरकुर सुरू झाली. आकडा पुण्याच्या कितीतरी पट. पंधरा पावले आत आलो, तो निम्म्यावर आला. माडांच्या सावलीत आणखी उतरला. एका गावात, एका बागेतसुद्धा जागोजागी एवढा फरक!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या संशोधक बाई आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, हातात खुरपे. अम्मावनच्या माडाच्या बागेत त्यांनी पाच ठिकाणे निवडली. वरचे गवत बाजूला करून वीतभर खोलीपर्यंतची माती काढली, ती एका घमेल्यात कालवली आणि त्यातली दीड-दोन किलो पिशवीत भरली. पिशवीवर तारीख, जागा आणि खोली लिहिली. भाची आणि मी शेजारी उभे राहून पाहत होतो.

“आता लगेच मोजणार?” मी विचारले.

“छे! महिना लागेल,” बाई हसल्या. आधी मुळे आणि खडे वेचायचे. मग भट्टीत ११० अंशांवर वाळवायची, बारीक करून चाळायची आणि हवाबंद डब्यात भरून सुमारे चार आठवडे ठेवून द्यायची. मला लोणच्याची बरणी आठवली. मुरायला ठेवण्याचे कारणही छान आहे. मातीतल्या रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू होतो, आणि माती उकरली की तो निसटतो. तो पुन्हा पुरता साठेपर्यंत मोजले तर हिशेब खोटा येतो. मग तो डबा जाड शिशाच्या पेटीत ठेवायचा, बाहेरचा किरणोत्सर्ग आत येऊ नये म्हणून, आणि कित्येक तास मोजत राहायचे. प्रत्येक द्रव्याच्या किरणांची ताकद ठरलेली असते. तिच्यावरून कोणते कोणाचे ते ओळखता येते, जसे पावलांच्या आवाजावरून जिन्यात कोण आले ते घरातल्यांना कळते.

“आणि ही माती नारळात उतरते का?” भाचीने विचारले. तिच्या हातात शहाळे होते.

बाई म्हणाल्या, थोरियम मोनाझाइटच्या कणात पक्के कोंडलेले असते. ते पाण्यात सहसा विरघळत नाही, म्हणून मुळांना फारसे लागत नाही. रेडियम त्याहून थोडे अधिक जाते. पोटॅशियम मात्र झाड हौसेने घेते, आणि माडाला तर ते भरपूर लागते. किनाऱ्याच्या वाळूत पोटॅशियम कमी, म्हणून शेतकरी पोटॅश विकत आणून घालतो. “त्या पोटॅशच्या एका किलोत किती बेकरेल असतात ठाऊक आहे? सुमारे १६ हजार!” मी अम्मावनच्या पडवीतल्या पोत्याशी यंत्र नेले, तर ते खरोखरच टिकटिकू लागले. असेच पोते आपल्याकडच्या कुठल्याही खताच्या दुकानात असते आणि त्यावर बसून दुकानदार हिशेब लिहितो.

आता खरा प्रश्न राहिला होता. तो भाचीने विचारला नाही. तो ताईच्या वतीने मीच विचारला. बाळाला काही होईल का?

बाईंनी ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर दिले असते तर माझा विश्वास बसला नसता. त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या. जगातल्या माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. अणुकेंद्रात काम करणाऱ्यांसाठी मर्यादा वर्षाला सरासरी २०. या तालुक्यातल्या काही मोजक्या जागी तो आकडा ७० च्या घरात जातो. बहुतेक घरांत मात्र त्याच्या कितीतरी खाली राहतो. १९७६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक लेख आला होता. त्यात या किनाऱ्यावर डाउन सिंड्रोमची मुले अधिक आढळतात असे म्हटले होते. त्यावर पुष्कळ वाद झाला. २००२ साली दुसऱ्या एका अभ्यासात इथल्या कुटुंबांच्या पेशींतल्या एका प्रकारच्या जनुकद्रव्यात अधिक बदल दिसले. पण ते बदल म्हणजे रोग नव्हे.

दुसऱ्या बाजूला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९९५ पासून इथल्या इस्पितळांत जन्मणाऱ्या बाळांची तपासणी चालवली. लाखाहून अधिक बाळे पाहिल्यावरही जन्मजात व्यंगे किंवा मृत जन्म यांचा जमिनीतल्या किरणोत्सर्गाशी संबंध दिसला नाही. तिरुवनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरने १९९० साली या तालुक्यासाठी कर्करोगाची नोंदणी सुरू केली. घरोघर जाऊन ३ लाख ८५ हजार माणसांची माहिती घेतली, ७१ हजारांहून अधिक घरांत आत-बाहेर मोजमाप केले. त्यांतल्या ६९,९५८ जणांचा सरासरी साडेदहा वर्षे मागोवा घेतला. त्यांत कर्करोगाचे १,३७९ रुग्ण निघाले. जास्त किरणोत्सर्गाच्या घरांत ते जास्त, असे दिसले नाही. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.

“याचा अर्थ धोका शून्य असा नाही,” बाई म्हणाल्या. “असलाच तर तो इतका लहान आहे, की एवढ्या माणसांतही नजरेला येत नाही.” मग त्यांनी घराचा पाया कोणत्या वाळूने भरला ते अम्मावनना विचारले, काळी वाळू पायात भरलेल्या घरात आकडा वाढतो. हा पाया आतल्या भागातल्या लाल मातीचा निघाला. खोलीत यंत्र अंगणापेक्षा कमी दाखवत होते. खिडक्या उघड्या ठेवा, म्हणजे रेडॉन साठणार नाही, एवढे बाईंनी भाचीला बजावले. तो सल्ला पुण्यालाही लागू आहे, कारण फुप्फुसाच्या कर्करोगात धूम्रपानाच्या खालोखाल रेडॉनचा क्रमांक लागतो.

हे बोलणे चालू असताना अम्मावननी कनवटीची बिडी काढून पेटवली. बाईंनी वहीवरून मान वर केली आणि मल्याळममध्ये काहीतरी म्हटले. म्हातारा खो खो हसला आणि त्याने बिडी विझवली. भाचीने भाषांतर केले : “अम्मावन, आम्ही सत्तर हजार माणसं तपासली. त्यांच्या पायाखालच्या मातीनं केलेलं काही सापडलं नाही. हातातल्या बिडीनं केलेलं सापडलं.” हे खरे आहे. त्याच तालुक्यातल्या त्याच पाहणीत बिडी ओढणाऱ्या पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग कितीतरी पटींनी अधिक आढळला होता. पण ‘अमुक गावी लोक बिड्या ओढतात’ असा घाबरवणारा मजकूर ताईला कोणी धाडला नाही.

रात्री ताईला फोन लावला. सगळे आकडे सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बरं. पण सातव्यात ती यायलाच हवी.” “ती येणारच आहे,” मी म्हटले. आणि ती आली. बाळंतपण पुण्यात सुखरूप झाले, आणि तीन महिन्यांची मुलगी घेऊन भाची पन्मन्याला परतली. त्या मातीचा निकाल महिन्याभराने बाईंनी कळवला होता. थोरियम जगाच्या सरासरीहून बरेच जास्त, पोटॅशियम सरासरीहून कमी. भाचीने तो कागद पोटॅशच्या हिशेबासाठी अम्मावनकडे दिला.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र मी अम्मावनना विचारले होते, की एवढी वर्षे हे शास्त्रज्ञ येऊन तुमची माती नेतात, तुम्हाला भीती नाही वाटत? ते म्हणाले, “उद्या सकाळी चला. भीती कशाची ते दाखवतो.” 

सकाळी आम्ही आलप्पाडला गेलो. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, आणि मध्ये जमिनीची अरुंद पट्टी. तिच्यावर घरे, देवळे, शाळा. काही ठिकाणी या पाण्यापासून त्या पाण्यापर्यंत चालत जायला चार-पाच मिनिटेही लागत नाहीत. २००४ च्या २६ डिसेंबरला त्सुनामी आली तेव्हा या पट्टीवर शंभराहून अधिक माणसे गेली. वाळूच्या उपशाने किनारा खचतो असे गावकऱ्यांचे म्हणणे. २०१८-१९ साली त्यासाठी त्यांनी मोठे आंदोलनही केले. समुद्र आपल्याच स्वभावाने किनारा खातो, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. समुद्राच्या कडेला काळ्या दगडांचा बांध घातलेला होता आणि लाटा त्यावर आदळून तुषार उडवत होत्या.

अम्मावन बांधावर चढले. त्यांच्या आईचे माहेर या गावचे. त्यांनी हात लांब करून पाण्याकडे बोट दाखवले. “ती होडी दिसते? तिच्या अलीकडे आमच्या मामाची माडाची बाग होती. साठ झाडं. लहानपणी मी तिथे नारळ वेचले आहेत.” मग पुढे म्हणाले, “बाई येतात, पिशवीभर माती नेतात, तिच्यात काय आहे ते सांगतात. चांगलं काम आहे. पण ती पिशवी भरायला इथे माती उरली पाहिजे ना?”

मी यंत्र चालू करून बांधाच्या दगडावर ठेवले. आकडा फार नव्हता. अम्मावननी त्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा समुद्राकडे तोंड केले.